वाफ

ज्वाळा दिसली होती?
नाही.
धूर?
मला वाटलं, धूर आहे.
‘वाटलं,’ वकीलबाई म्हणाल्या,
आणि कोपऱ्यातल्या लघुलेखकानं तेवढाच शब्द
दोनदा टिपल्यासारखा आवाज केला.

डेकोराच्या बाहेर, नोव्हेंबरात,
मका निघून शेतात नुसते खुंट उरतात तेव्हा
हरीण आडवं आलं म्हणून आर्लन ट्वाइटनचा पिकअप
चरात उलटा पडला होता.
मी आणि लोवेल. अँब्युलन्स मागे, चार मिनिटांवर.
मानेचा पट्टा तिच्यात.
बॉनेटखालून पांढरं काही निघत होतं
आणि पेट्रोलचा वास होता
(वासाबद्दल मात्र कुणीच विचारलं नाही).
मी त्याला काखेत धरून ओढला.

ती गाडी पेटलीच नाही.
रात्रभर तिथेच पडून राहिली, निवली,
सकाळी तिच्यावर हिमाची साय धरली होती.
रेडिएटरची वाफ, तज्ज्ञांनी सांगितलं.
चार मिनिटं थांबल्या असत्या तर
कदाचित पाय राहिले असते, असंही.
‘कदाचित’ हा शब्द त्यांचा. शपथेवर.

निकाल आला तेव्हा मी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या लावत होते.
बारा पानं. मोबदला न घेता, सद्भावनेनं,
अपघाताच्या जागी मदत करणाऱ्यावर दावा चालत नाही,
घोर हयगय असल्याखेरीज.
मी मनातल्या मनात मराठी करत गेले, उगाच.
हयगय.
आई फोनवर म्हणते, गोळ्यांची हयगय करू नकोस गं.
तिच्या हयगयीत घोर काही नसतं,
डबीचं झाकण सैल राहण्याइतकीच ती मोठी.
आणि इम्युनिटी? आमच्याकडे तो शब्द पांढऱ्या पेशींचा.
कायद्यातल्यासाठी मला एकच सुचला, अभय.
तळहात समोर धरलेला देव.
मी माझा तळहात उलटा करून पाहिला.
त्यावर हातमोज्याची पूड होती.

सुटलीस, लोवेल म्हणाला,
पेट्रोल पंपावरचा पिझ्झा घेऊन आला.
मी खाल्ला. भूक लागली होती.

जानेवारीत एका बाईची गाडी झाडावर आदळली.
खिडकीतून हात आत घालताना मी थांबले,
एक श्वास.
नाकानं काहीतरी शोधत होते.
ती बाई वाचली, धडधाकट आहे.
त्या एका श्वासाबद्दल
माझ्यावर कुणी कधी दावा लावणार नाही.

एप्रिलमध्ये फायर स्टेशनचा पॅनकेक-नाश्ता,
नव्या पाइपांसाठी, दर वर्षीसारखा.
बंब बाहेर उन्हात, आत लांब टेबलं, मी तव्यावर.
रांगेत आर्लन.
चाकं स्वतःच फिरवत, मांडीवर कागदी ताटली.
काउंटर त्याच्या हनुवटीला लागत होता.
दावा संपल्यापासून आम्ही बोललो नव्हतो.
खरं तर आधीही नाही; त्या रात्री तो एवढंच म्हणाला होता,
‘माझी टोपी.’
मी नंतर शोधली. सापडली नाही.

त्यानं तव्याकडे पाहिलं.
‘धूर येतोय,’ म्हणाला.
रांग गप्प झाली. त्याची बायको, कोरिन,
सिरपच्या बाटल्यांवरची लेबलं वाचू लागली.
मी वाकून पाहिलं.
एका पॅनकेकचा काठ करपत होता.
‘हो,’ मी म्हणाले, ‘हा धूरच आहे.’

त्यानं ताटली वर धरली.
‘मग काढ लवकर.’

मी उलथनं खाली घातलं.